सोमवार-गुरुवारची राधिका

राधिका आठवड्यातून दोनच दिवस शाळेत यायची, सोमवारी आणि गुरुवारी. बाकीचे दिवस ती बापाच्या मेंढरांमागं असायची. आठवीच्या वर्गशिक्षकांनी आधी तिला दम दिला, मग बापाला बोलावणं धाडलं आणि शेवटी नाद सोडला. हेच दोन दिवस का, याचा विचार कुणी केला नाही. एकदा कमलबाईंनीच सहज विचारलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक पोरगी हसून म्हणाली, "मॅडम, ती निस्ती तुमच्या तासापायी येती. गान्याचा तास सोमवारी आन् गुरुवारीच ऱ्हातो ना."

राधिकानं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी तिची कानशिलं लाल झाली होती.

कमलबाई खिल्लारे त्या शाळेत संगीत शिकवायच्या. डोंगरकड्याहून बाळापूरकडं येताना केळीच्या बागा मागं पडल्या की एक फाटा लागतो. त्या फाट्यावर शाळा. आसपासच्या वाड्यावस्त्यांची पोरं तिथं पाचवी ते दहावी शिकतात. संस्थेचे जुने अध्यक्ष भजनाचे शौकीन. त्यांनी हट्टानं संगीत शिक्षकाची जागा भरून घेतली होती. पाण्याच्या टाकीजवळ एक पत्र्याची खोली, एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि खाली अंथरायला सतरंज्या, एवढा सारा कारभार.

बाईंना गाणं बापाकडून आलं. ग्यानोबा दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचा आणि सांजेला गायन पार्टीत पेटी वाजवायचा. भीमजयंतीच्या दिवसांत तर तो घरी फक्त अंघोळीपुरता असायचा. लेकीचा सूर खोटा लागला की तो रागवायचा नाही. पेटीचा भाता धरून नुसता थांबायचा आणि तिच्याकडं बघायचा. तिला तिचं कळेपर्यंत थांबायचा. पुढं तिनं नांदेडला राहून परीक्षा दिल्या आणि या शाळेत लागली. पहिल्या वर्षी गावातल्या काही घरांनी आपली लेकरं तिच्या तासाला सतरंजीवर बसू दिली नव्हती. कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. चार-पाच वर्षांनी त्याच घरांच्या आया गॅदरिंगच्या आधी "आमचीला पुढं उभी करा मॅडम" म्हणत चहाला बोलावू लागल्या. कमलबाई चहाला जायच्या. मनात काही ठेवायच्या नाहीत, किंवा ठेवलेलं दिसू द्यायच्या नाहीत.

त्यांचा शिकवायचा एक रिवाज होता. तास सुरू झाला की पेटीवर एकच सूर धरायचा आणि साठ पोरांनी त्यात आपला आवाज मिसळायचा. गाणं नंतर. आधी साठ आवाजांचा एक आवाज झाला पाहिजे. कधी दोन मिनिटांत व्हायचा, कधी अर्धा तास जायचा. पण तो जुळला की खोलीचा पत्रासुद्धा बारीक थरथरायचा, आणि सगळ्यात द्वाड पोरगंही त्या क्षणी डोळे मिटून बसलेलं असायचं. "शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे," त्या म्हणायच्या. "ज्याला फक्त स्वतःचाच ऐकू येतो तो बेसूर."

राधिका पहिल्यांदा त्या सुरात शिरली तेव्हा सगळा वर्ग हसला होता. तिचा आवाज रुंद, उघड्या रानातला. ओढ्याच्या पलीकडं गेलेल्या मेंढरांना परत वळवायला जसा लागतो तसा. चार भिंतींत तो मावेना. पोरं हसली तशी ती गप्प झाली, ती महिनाभर गप्पच. कमलबाईंनी मग एक दिवस तिला उभं केलं.

"मेंढरं कशी बोलवतीस गं?"

"न्हाई मॅडम. हसतेत."

"हसू दे. बोलव."

राधिकानं खिडकीकडं तोंड केलं आणि हाक दिली. लांब, चढत जाणारी आणि शेवटी अलगद खाली येणारी. बाहेर मैदानात कवायत करणारी पोरं थांबून बघायला लागली. कमलबाईंनी पेटीवर ती हाक जशीच्या तशी वाजवून दाखवली. मग सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "आता तुमी बोलवा." कुणालाच जमलं नाही. हसणारे स्वतःवरच हसायला लागले, आणि राधिका त्यांना दाखवू लागली, "असं न्हाई रे, इथं दम धराय लागतो."

त्या दिवसापासून ती शाळेची झाली. निदान सोमवार-गुरुवारची.

वाचायला मात्र तिला येत नव्हतं. आठवीत येऊनही ती अक्षराला अक्षर जोडताना घामाघूम व्हायची. कमलबाई गाण्याच्या ओळी फळ्यावर लिहायच्या आणि बोट ठेवत ठेवत म्हणून घ्यायच्या. चाल राधिकाला एकदा ऐकून पाठ व्हायची. मग शब्द कुठं आहे ते तिला चालीवरून कळायचं, आणि कळला की डोळे त्या अक्षरांवर थांबायचे. असं होता होता एका गुरुवारी तिनं फळ्यावरची नवी ओळ, अजून चाल न लावलेली, हळूहळू पण न अडखळता वाचली. तिला स्वतःला ते कळलंच नाही. कमलबाईंना कळलं. त्यांनी तिच्या मराठीच्या शिक्षकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ती बुधवारी कुठं असते? माझा कवितेचा तास बुधवारी आहे." नववीत ती बुधवारचीही यायला लागली. मग मंगळवार. तिचा बाप लिंबाजी कुरकुरला, पण आपल्या धाकट्या भावाकडं मेंढरं सोपवून त्यानं पोरीला सोडलं.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला राधिकाची आई चंद्रभागाबाई आली होती. पोरगी एकटी गायली. मांडवात एवढी शांतता झाली की बाहेर भेळवाल्याचा चमचा वाजला तरी ऐकू येत होता. कार्यक्रम संपल्यावर चंद्रभागाबाई पदर सावरत कमलबाईंपाशी आली. डोळे भरलेले होते, पण आवाज व्यवहाराचा होता.

"मॅडम, चांगलं गाती पोरगी. पर ह्या गान्याचं म्होरं काय व्हतं?"

कमलबाईंना एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "लेकरू शाळेत येतंय ना, बाई. अजून काय पाहिजे?"

चंद्रभागाबाईनं मान हलवली. तिला उत्तर पटलं की नाही ते समजलं नाही. कमलबाईंना मात्र ते आपलंच उत्तर रस्ताभर टोचत राहिलं. गणिताच्या मास्तरला कुणी असं विचारतं का?

त्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल घसरला. फाट्यापासून थोड्या अंतरावर इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी गाडी वाडीवाडीतून पोरं गोळा करून नेत होती. जून उजाडला तशी मुख्याध्यापक अमृतरावांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. अमृतराव तसे वाईट माणूस नव्हते. लेकरांच्या खिचडीत किडके तांदूळ आले तर पोती परत पाठवणारे होते. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"एक तुकडी तुटली तर दोन शिक्षक जादा ठरतात," ते म्हणाले. "कोण ठरेल ते मला विचारू नका. तेव्हा सातवी ते दहावीचे संगीत, चित्रकला, कार्यानुभव बंद. ते तास गणित-विज्ञानाच्या सरावाला. पत्र्याची खोली सराव वर्गासाठी घेऊ. मॅडम, तुमची हरकत नाही ना?"

सगळ्यांनी कमलबाईंकडं बघितलं. बोलण्यासारखं त्यांच्याकडं खूप होतं. राधिका वाचायला कशी शिकली ते होतं. दोन वर्षांपूर्वी बाप वारल्यावर बोलेनासं झालेलं एक पोरगं तबल्यावर बसल्यावर पहिल्यांदा कसं रडलं, ते होतं. पण त्या सगळ्याचं टक्केवारीत काय सांगायचं? त्यांच्या नोकरीची काही वर्षं उरली होती, नवरा भीमराज अर्धांगानं घरी बसून होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल ते, सर."

एवढंच. ते वाक्य बोलायला त्यांना श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही.

पेटी आणि तबले क्रीडासाहित्याच्या खोलीत गेले, फुटबॉलच्या जाळ्याखाली. कमलबाईंना पाचवी-सहावीचे काही तास उरले आणि बाकीचा वेळ संगणकावर शाळेची माहिती भरायचं काम मिळालं. कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर बसायचं. पोरं म्हणायची, "मॅडम, गानं म्हनू ना." त्या म्हणायच्या, "गप बसा, बाजूला सराव चालू आहे."

राधिका दहावीत गेली होती. पहिल्या सोमवारी ती नेहमीसारखी टाकीजवळच्या खोलीत येऊन बसली, तर सतरंज्यांच्या जागी बाकं आणि फळ्यावर समीकरण. गणिताच्या सरांनी तिलाच उभं केलं. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. कुणीतरी मागून मेंढरासारखं बँऽऽ केलं. सगळा वर्ग हसला. कमलबाई तेव्हा समोरच्या ऑफिसात माहिती भरत बसल्या होत्या. हसणं त्यांना ऐकू आलं. कुणावर हसतायत ते त्यांना दुपारी कळलं.

गुरुवारी ती आली. पुढच्या सोमवारी आली. मग येईनाशी झाली.

कमलबाईंनी स्वतःची समजूत घातली की मेंढरं लांब गेली असतील. पावसाळ्यात लिंबाजी कळप घेऊन माळावर जायचा, हे खरंच होतं. पण पोळा झाला, दसरा जवळ आला आणि एक दिवस वाडीतली एक पोरगी सांगून गेली, "मॅडम, राधीचं जमलं. दिवाळी झाल्यावर लगीन हाय."

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर कमलबाई ऑटोनं निम्म्या वाटेपर्यंत आणि पुढं चिखलातून चालत वाडीवर गेल्या. मेंढरं नुकतीच परत आली होती. मेंढरांच्या वाडग्यात लोकरीचा आणि ओल्या मातीचा वास भरला होता. लिंबाजीनं घोंगडी झटकून टाकली, "बसा मॅडम," म्हणाला आणि आपण लांब उकिडवा बसला. चंद्रभागाबाईनं चहा ठेवला.

"लिंबाजीभाऊ, पोरीला काहून काढलं शाळेतून?" कमलबाईंनी विचारलं. शाळेतली भाषा त्यांनी वाटेतच सोडून दिली होती. "दहावीचं साल हाय तिचं."

"मी काढलं न्हाई," लिंबाजी म्हणाला. "इचारा तिला. तीच म्हनली, मी न्हाई जात. मंग मोठी पोरगी घरात ठिवून काय करू? सोयरीक चालून आली. पोरगा चांगला हाय, दारू पीत न्हाई."

"सोळा वर्साची हाय ती."

"तिच्या मायचं तेराव्या वर्सी झालं व्हतं."

चंद्रभागाबाई चुलीपाशीच बसून होती. ती हळूच म्हणाली, "गान्याचा तास बंद झाला म्हनली, मॅडम. त्याच्यापायी तर जात व्हती. आमी काय बळंच थोडंच पाठवून राहिलो व्हतो? लेकराचं मनच उठलं."

राधिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीन महिन्यांत ती उंच झाली होती. कमलबाई तिला घेऊन वाडग्याच्या काटेरी कुपाजवळ गेल्या.

"खरं सांग. लगीन करायचं तुला?"

"काय की."

"मंग शाळेत ये ना बाळा."

"तिथं मला काईच येत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. रडत नव्हती, तक्रार करत नव्हती, जणू रस्ता सांगत होती. "गान्यात येत व्हतं. त्या तासाला सगळे माझ्याकडं बघायचे ना, मंग बाकीच्या तासाला बी बसू वाटायचं. आता सगळेच तास सारखे झाले."

कमलबाई भरात बोलून गेल्या, "सोमवारी ये तू. मी तास चालू करते. तुझ्या बापाला मी सांगते, दहावीपोतर थांब म्हणून. पर तू सोमवारी ये."

"पक्कं चालू व्हईल?"

"पक्कं."

पोरीचा चेहरा एकदम उजळला. कमलबाईंनी लिंबाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ती येत आसंल तर बघू. सोयऱ्याला सांगू, दम धर म्हनून." ते शब्द पक्के नव्हते, पण नकारही नव्हता. परतताना कमलबाईंना चिखल लागलाच नाही. खूप दिवसांनी त्या वाटेनं गुणगुणत आल्या.

फाट्यावर येताच त्यांनी अमृतरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. शाळा सुटल्यावर तास घेते म्हणाल्या. पण शाळा सुटली की वाडीकडं जाणारी एकच बस असते, पोरी थांबू शकत नाहीत. मग मधल्या सुट्टीत घेते म्हणाल्या. अमृतराव म्हणाले, "मधल्या सुट्टीत घ्या. आवाज जास्त होऊ देऊ नका. पण मॅडम, सोमवारी तुम्हाला हिंगोलीला जावं लागेल. माहिती भरण्याचं प्रशिक्षण आहे, प्रत्येक शाळेतून एक माणूस मागितलाय. मंगळवारपासून सुरू करा ना, एका दिवसानं काय बिघडतं?"

कमलबाईंनी सांगायला हवं होतं की बिघडतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "सर, दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही का?"

"काम तुम्ही बघता, मॅडम."

लिंबाजीच्या फोनला वाडीवर रेंज नव्हती. रविवारी त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. परत वाडीवर जावं असं मनात आलं, पण भीमराजला ताप होता, आणि मनाला एक तोड सापडली, की ती आली तर वसराम शिपायाकडून तिला निरोप मिळेलच. त्यांनी वसरामला फोन करून ठेवला.

सोमवारी त्या हिंगोलीत एका सभागृहात बसून कुठल्या रकान्यात काय भरायचं ते ऐकत होत्या. त्या दिवशी वसराम शिक्षण अधिकाऱ्यांच्या स्वागतासाठी नारळ-हार आणायला बाळापूरला गेला होता. राधिका आली. गणवेश आखूड झाला होता, तोच घालून आली. मधल्या सुट्टीत क्रीडासाहित्याच्या खोलीबाहेर, जिथं पेटी कोंडली होती तिथं, कुलपासमोर पायरीवर बसली. सुट्टी संपली. घंटा झाली. कुणातरी शिक्षकानं विचारलं, "काय गं, इथं काय करतेस? नाव तर कमी झालंय तुझं." ती उठली आणि निघून गेली.

मंगळवारी वसरामनं इतरांकडून ऐकलेलं हे सगळं सांगितलं तेव्हा कमलबाई हातातला डबा तसाच ठेवून वाडीवर गेल्या. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, पोरीला मामाकडं नेलंय.

लग्नाची तारीख त्यांना ठाऊक होती. पोरीचं वय त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अमृतरावांना विचारलं, काय करावं? ते म्हणाले, "गावकीत पडू नका. उद्या त्या वाडीतून एकही पोरगं शाळेत येणार नाही. आधीच तुकडीचं काय होईल ते माहीत नाही." त्या रात्री कमलबाईंना झोप आली नाही. सकाळी त्यांनी लेकरांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. आयुष्यात कुणालाही न विचारता त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट असावी.

पोलीस, ग्रामसेवक आणि त्या मदत नंबराकडून आलेली एक बाई वाडीवर गेले. लिंबाजीनं लिहून दिलं की अठरा पुरी झाल्याशिवाय लग्न करणार नाही. अधिकाऱ्यांनी फोटो काढले आणि गेले. थोड्याच दिवसांत नवऱ्याच्या गावी, हिंगोलीपलीकडं, अंगणात चार माणसांत राधिकाचं लग्न लागलं. वाजंत्रीसुद्धा नव्हती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

चंद्रभागाबाई शाळेच्या फाटकाशी आली ती त्यानंतर. धाकटी पोरगी सहावीत होती, तिचं दप्तर घ्यायला आली होती. कमलबाई धावत फाटकापर्यंत गेल्या.

"चंद्रभागाबाई, ऐका तरी माझं."

"काय ऐकू?" ती ओरडली नाही. तेच जास्त लागलं. "तुमी पोरीला गानं शिकिवलं तवा आमी तुमाला देवावानी मानत व्हतो. मंग तुमीच गानं बंद केलं. मंग तुमीच म्हनलं ये, आन् कुलूप लावलं. मंग आमच्या दारात पोलीस आनले. कोनत्या बाईवर भरोसा ठिवायचा आमी? आधीच्या का नंतरच्या?"

कमलबाईंना म्हणायचं होतं की गाणं मी बंद केलं नाही. पण त्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत सगळे आपल्याकडं बघत होते आणि आपण काय बोललो, ते त्यांना आठवलं. आईनं धाकटीचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. ती पोरगी तेव्हापासून घरीच बसली.

त्या वर्षी दहावीचा निकाल वाढला. संस्थेनं सत्कार ठेवला. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी अमृतराव घाईघाईनं आले, "मॅडम, स्वागतगीत?" कमलबाईंनी नववीच्या चार पोरी उभ्या केल्या. पेटी काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला, हवा धरेना. पोरींना आपापला आवाज ऐकू येत होता, शेजारणीचा नाही. चौघी चार वाटांनी निघाल्या. कमलबाईंनी तीनदा थांबवलं, तीनदा सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की या पोरी सातवीनंतर एकत्र गायल्याच नाहीत.

एक तरुण शिक्षक म्हणाला, "राहू द्या ना मॅडम. मोबाईलवर आहे स्वागतगीत, चांगलं म्युझिक आहे. पोरी नुसत्या ओठ हलवतील."

तसंच झालं. स्पीकरमधून कुण्या अनोळखी शहरातल्या गुळगुळीत आवाजानं पाहुण्यांचं स्वागत केलं. पोरींनी ओठ हलवले. बटण दाबायला कमलबाईंना बसवलं होतं, संगीत शिक्षक म्हणून. पाहुण्यांनी भाषणात म्हटलं, "ग्रामीण भागातल्या मुलींचा इतका तयार आवाज ऐकून भरून आलं." टाळ्या झाल्या. अमृतरावांनी कमलबाईंकडं बघायचं टाळलं. एवढी लाज त्यांना होती, हे कमलबाईंनी लक्षात ठेवलं.

यानंतर दोन वर्षं गेली. कमलबाई घरीही गात नाहीत. भीमराज पलंगावरून कधीतरी म्हणतो, "बाबासाहेबांचं एखादं गानं म्हन की," तर त्या "घसा बसलाय" म्हणतात. सूर लावायला त्या तोंड उघडतात तेव्हा त्यांना पायरीवर बसलेली पोरगी दिसते, जिला त्यांनी त्या दिवशी पाहिलेलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका नात्यातल्या लग्नाहून परतताना त्या नरसी नामदेवला उतरल्या. देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांची दुकानं आहेत. एका दुकानापाशी मांडीवर लेकरू घेऊन एक बाई हार ओवत होती. कमलबाई पुढं निघून गेल्या असत्या.

"मॅडम!"

राधिका उठून उभी राहिली होती. गळ्यात काळी पोत, गालाची हाडं वर आलेली. तिनं लेकरू काखेत मारलं आणि वाकून पाया पडली. मागं बसलेल्या सासूला ती मोठ्या अभिमानानं सांगू लागली, "आत्याबाई, ह्या आमच्या गान्याच्या मॅडम."

"बरी हायस ना?" कमलबाईंनी विचारलं.

"हाय की." मग आवाज खाली करून, "माय बोलली न्हाई ना तुमाला वाकडंतिकडं? मी सांगत व्हते तिला, मॅडमचा काई दोष न्हाई. मी आले व्हते त्या सोमवारी. कुलूप व्हतं."

"मला माहीत हाय."

"मला वाटलं आसंल कायतरी काम." ती हसली. "गातीस का म्हनून इचारू नका हां. हितं न्हाई चालत. मामंजीला आवडत न्हाई." जरा थांबून तिनं विचारलं, "मंग, तास चालू झाला का पुन्हा?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. धुरळा बसेपर्यंत कमलबाईंना वेळ मिळाला.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"खरं?"

"व्हय. सोमवार-गुरुवार."

"पहिल्या रांगेत कोन गातं आता?"

"हाय एक. प्रतीक्षा म्हणून. आवाज बारीक हाय, पर सुरात हाय." नाव कुठून आलं ते त्यांना कळलं नाही. "तुज्यावानी न्हाई."

राधिकाचे डोळे भरले. "माझ्यापायी चालू केला का, मॅडम?"

"तुजंच निमित्त झालं."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि लेकराचं तोंड पदरानं पुसत पुन्हा म्हणाली, "लई बरं झालं. आता बंद पडू देऊ नका हां. माझी धाकटी बहीण बसली घरी, तिला सांगते, जा म्हणून. मायला मीच समजावते. गान्याचा तास हाय म्हनल्यावर जाईल ती."

कमलबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण मागून सासूची हाक आली, गिऱ्हाईक उभं होतं, आणि राधिका लेकराला सावरत आत गेली. आतूनच तिनं एक हार कागदात गुंडाळून दिला, पैसे घ्यायला तयार झाली नाही. "देवाला घाला," म्हणाली.

त्यानंतरच्या एका सोमवारी चंद्रभागाबाईची धाकटी आली. नवीन दप्तर नव्हतं, पिशवी होती. ती ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि संगणकासमोर बसलेल्या कमलबाईंना तिनं विचारलं, "मॅडम, गान्याचा तास कुठं भरतो?"